आबाजींची रायफल: नवी करायची की आहे तशीच ठेवायची?

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये, लोकलमध्ये, जेवताना वाचा.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे. कोड नाही, करिअर नाही, ईएमआय नाही. आज बंदूक.

घाबरू नका. मी गुंड वगैरे झालेलो नाही. झालं असं की दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. चौरास पट्टा म्हणतात आमच्या भागाला. वैनगंगेच्या काठची काळी जमीन आणि नजर जाईल तिथपर्यंत धान. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मोठे बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाने, लोखंडी कपाट उघडलं आणि आबाजींची रायफल बाहेर काढली. सोबत नागपूरच्या एका बंदूकवाल्याने लिहून दिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीत तीन कामं: नवीन दस्ता, नळी घासून नवा रंग, आणि वर दुर्बीण.

मोठे बाबा म्हणाले, "बाबू, तू इंजिनिअर आहेस. सांग, करून टाकू का?"

आता मी बी.टेक. आहे हे खरं, पण कॉम्प्युटरचा. मला घरचा मिक्सर उघडायला सांगितला तरी चार स्क्रू उरतात. तरी प्रश्न डोक्यात अडकला. पुण्याला परत आलो, दोन महिने वाचलं, विचारलं, कायद्याची कलमं चाळली. त्यातून जे समजलं ते आज सांगतो. घरात जुनी बंदूक नसली तरी ऐका. आजीचं जातं असेल, आजोबांची बुलेट असेल, वाड्याचा दरवाजा असेल, प्रश्न तोच असतो: नवं करायचं की आहे तसं ठेवायचं? बंदुकीच्या बाबतीत फरक एवढाच की चुकलं तर जेलही होऊ शकते.

ही रायफल आहे तरी काय

नळीच्या मागच्या बाजूला, जिथे बोल्ट असतो तिथे, तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात असा छोटासा छाप आहे. हा बीएसएचा छाप. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली इंग्लंडात सुरू झालेली कंपनी. पुढे त्यांनी सायकली आणि मोटरसायकली काढल्या, पण सुरुवात बंदुकांची.

बोर आहे ३१५. म्हणजे नळीचा आतला व्यास ०.३१५ इंच, साधारण ८ मिलिमीटर. आता गंमत बघा. ब्रिटिश सैन्याची रायफल होती ३०३. मग त्याच बर्मिंगहॅमची कंपनी, जवळपास त्याच बांधणीची रायफल भारतात विकताना ३१५ बोरची का बनवते?

कारण भीती. इंग्रज सरकारला वाटायचं की सैन्याचं काडतूस आणि लोकांच्या बंदुकीचं काडतूस एकच असेल, तर सैन्याच्या गोदामातून चोरलेला माल उद्या आपल्यावरच चालेल. म्हणून सैन्याचे बोर सामान्य माणसाला बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ४५० बोरच्या शिकारी रायफलींवरही याच कारणाने बंदी आली, आणि लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांनी घाईघाईने ४६५, ४७० असे नवे बोर काढले. आपल्याकडचं ३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मॅनलिखर रायफलीचं काडतूस. इथल्या इंग्रज सैन्याकडे ते नव्हतंच, म्हणून लोकांना चालेल!

स्वातंत्र्यानंतरही ही रीत सुटली नाही. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ३१५ बोरचीच शिकारी रायफल बनवली, आणि तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात निघू लागली. आज उत्तर भारतातल्या बातम्यांमध्ये "३१५ बोर" हा शब्द सारखा ऐकू येतो, त्याचं मूळ हे. थोडक्यात, आमच्या घरातली रायफल ही इंग्रजांच्या भीतीतून जन्मलेली वस्तू आहे. हे समजल्यावर मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आबाजींनी ती एका मालगुजार कुटुंबाकडून घेतली होती, परवान्यावर, रीतसर. १९५१ साली मालगुजारी गेली. जंगल, तलाव, गावं सरकारकडे गेली आणि वाड्यांमधल्या बऱ्याच वस्तू विकायला निघाल्या. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. आबाजी शिकारीला जायचे, हे मी लपवत नाही. तेव्हा त्याचेही परवाने मिळत. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो अध्याय संपला. घरात सांगतात की त्यानंतर आबाजींनी काडतुसांचा डबा उघडला नाही. रायफल मात्र दर महिन्याला पुसायचे.

आधी कायदा, मग आवड

यूट्यूबवर "जुनी रायफल दुरुस्ती" शोधलंत तर ढीगभर व्हिडिओ मिळतील. जवळपास सगळे अमेरिकेतले. तिथला माणूस गॅरेजमध्ये बसून नळी कापतो, छिद्र पाडतो, दस्ता बदलतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक "अँटिक" धरली जाते आणि तिला बरीच सूट आहे. तो व्हिडिओ बघून आपल्याकडे काही करायला जाल तर फसाल.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या चार गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली. "जुनी आहे, तिला परवाना कशाला?" हा गावोगावचा गैरसमज. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण अट आहे: ते शस्त्र बंदूक म्हणून चालता कामा नये, दुरुस्ती करूनसुद्धा नाही. चालत असेल किंवा चालू होण्यासारखी असेल, तर शंभर वर्षं जुनी असली तरी परवाना लागतोच.

दुसरी. कलम ६. परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि बंदूक एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. "फक्त दोन इंच कापली" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

तिसरी. कलम ८. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. ही गोष्ट जरा पुढे पुन्हा लागणार आहे.

चौथी. दुरुस्ती हासुद्धा परवान्याचा धंदा आहे. गावातला वेल्डिंगवाला किंवा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे बंदूक न्यायची नाही. तो तुमच्या प्रेमापोटी अडकेल. आणि हो, ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने एकट्याने ती उचलून नागपूरला न्यायची नाही. परवानाधारक सोबत हवा, नाहीतर दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. दिवाळीत मी ती हातात घेतली तीसुद्धा मोठे बाबा समोर बसलेले असताना, आणि रिकामी आहे हे दोनदा बघून.

चिठ्ठीतली तीन कामं

आता त्या बंदूकवाल्याच्या यादीकडे येऊ. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी केली, आमच्या धंद्यातली. कोडमध्ये काही बदललं आणि बिघडलं तर जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं. लोखंड-लाकडाला ती सोय नाही. म्हणून प्रत्येक कामाला एकच प्रश्न: उद्या मन बदललं तर हे परत पूर्वीसारखं होईल का?

काम एक, दुर्बीण. आजच्या रायफलींना दुर्बीण बसवायची जागा कारखान्यातूनच येते. आबाजींच्या रायफलीला नाही. म्हणजे बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो, त्या घराला वरून छिद्रं पाडून त्यात आटे काढायचे. गोळी सुटताना सगळा दाब ज्या भागाच्या आसपास झेलला जातो, तो हा भाग. तिथे पाडलेलं छिद्र परत बुजत नाही. बुजवलं तरी दिसतं, आणि चुकीच्या जागी पडलं तर धोका. कसोटीत नापास.

काम दोन, नळी घासून नवा रंग. जुन्या बंदुकीच्या पोलादावर जो निळसर-काळा रंग असतो तो पेंट नाही. मुद्दाम, हळूहळू चढवलेला गंजाचाच एक पातळ, शिस्तबद्ध थर असतो. वर्षानुवर्षांच्या हातांनी तो कडांवर फिका होतो आणि तपकिरी झाक येते. नवा रंग द्यायचा तर आधी जुना पूर्ण घासून काढावा लागतो. घासताना काय काय जातं बघा: कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं उथळ होतात, तीन बंदुकांचा छाप पुसट होतो, चाचणीच्या खुणा जातात.

चाचणीच्या खुणा म्हणजे? इंग्लंडात बनलेली प्रत्येक नळी विकण्याआधी चाचणीगृहात नेऊन नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासली जायची. टिकली तर तिच्यावर शिक्का. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ पासून हे काम करतं. तो शिक्का म्हणजे नळीचं फिटनेस सर्टिफिकेट. आणि या सगळ्यांच्या शेजारी असतो नंबर. परवान्यावर लिहिलेला, पोलिसांच्या रजिस्टरमध्ये असलेला नंबर. जास्त घासून तो वाचेनासा झाला, तर तुम्ही हौसेने केलेलं पॉलिश कलम ८ च्या दारात जाऊन उभं राहतं. कुणी म्हणेल, मुद्दाम थोडीच केलं? मग ते सिद्ध करत बसा. कसोटीत नापास, वर कायद्याची तलवार.

काम तीन, दस्ता. इथे मी जरा थांबलो. कारण दस्ता काढता येतो, नवा बसवता येतो आणि जुना जपून ठेवला तर उद्या परत लावता येतो. म्हणजे कसोटीत पास! मी मोठे बाबांना फोनवर म्हणालोसुद्धा, की हे चालेल. मग ते म्हणाले, "हाव, तो बंदूकवाला म्हणे जुना दस्ता तोच ठेवून घेईल, त्याचे पैसे कापून देईल." म्हणजे परतीचा रस्ता बंद. आणि मुळात दस्ता बदलायचा कशाला, तर त्यावर पितळेची पट्टी आहे आणि ती "वाईट दिसते".

पितळेची पट्टी

या पट्टीची गोष्ट सांगायलाच हवी. हाताची मूठ जिथे बसते तिथे दस्ता सगळ्यात बारीक असतो, आणि तिथेच तो तडकतो. आबाजींच्या हातून रायफल एकदा बैलगाडीवरून पडली आणि नेमकी तिथे चीर गेली. नवा अक्रोडाचा दस्ता इंग्लंडहून मागवायचे दिवस नव्हते आणि ऐपतही नव्हती. ते भंडाऱ्याला गेले. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नातला गुंड, गंज, परात तिथली. तिथल्या एका कारागिराने चिरेभोवती पितळेची पट्टी अशी घट्ट बसवली की आजही नख जात नाही.

आता सांगा, "ओरिजिनल" म्हणजे नक्की काय? बर्मिंगहॅमहून निघाली तेव्हाची? तसं असेल तर पट्टी हा बिघाड. की आमच्या घरात जगली तशी? मग पट्टी हाच तिचा सगळ्यात आमचा भाग.

याचं एक मोठं उदाहरण आहे. इंग्रजांच्या काळात इशापूरच्या कारखान्यात सैन्याच्या ३०३ रायफलींचं रूपच बदलून त्यांच्या ४१० बोरच्या मस्केट केल्या गेल्या, आतून गुळगुळीत नळीच्या, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. म्हणजे मोडतोडच की. पण आज त्या मस्केटला परत ३०३ करायला कुणी शहाणा संग्राहक जात नाही. कारण तो बदलच आता इतिहास आहे. उलट दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, कॅनडात सैन्याच्या जुन्या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, आणि हौशी शिकाऱ्यांनी त्यांचं पुढचं लाकूड कापून, नळ्या आखूड करून त्या "सुंदर" केल्या. तेव्हा त्या ढिगाने मिळायच्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. आज न कापलेली रायफल मिळाली तर लोक जास्त पैसे मोजतात.

मला यातून कळलं ते असं. गरजेपोटी, त्या काळात, वस्तू चालू ठेवण्यासाठी केलेला बदल हा वस्तूच्या आयुष्याचा भाग असतो. आज आपल्याला ती नवी दिसावी म्हणून केलेला बदल हा बहुतेक वेळा आपल्या हौसेचा भाग असतो. पहिला राहू द्या. दुसरा करायच्या आधी एक रात्र झोपा.

पैशाचंही बोलून टाकतो, कारण हा प्रश्न येणारच. "ओरिजिनल ठेवली तर किंमत वाढेल का?" परदेशातल्या लिलावांचे आकडे बघून स्वप्नं रंगवू नका. आपल्याकडे ही वस्तू फक्त परवाना असलेल्यालाच विकता येते, तीही नोंद करून. बाजार छोटा आहे. किमतीसाठी नाही, परतीचा रस्ता राहावा म्हणून आहे तशी ठेवायची.

तशीच ठेवायची म्हणजे हात लावायचा नाही असं नाही

काही लोक "आहे तशी" म्हणून गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकतात. तो खूनच आहे. आमच्याकडे चार महिने पाऊस, धानाच्या बांध्यांमध्ये पाणी, घरात ओल. लोखंडाला एवढं पुरे.

म्हणून देखभाल. परवानाधारकाने, रिकामी असल्याची खात्री करून:

चामड्याच्या किंवा कापडी खोळीत कायम ठेवू नका. खोळ ओल धरते आणि आत गुपचूप गंज चढतो. प्रवासापुरती खोळ, बाकी कोरडं, कुलूपबंद कपाट.

नळी आतून कोरड्या फडक्याने, मग बंदुकीच्या पातळ तेलाने. जुन्या काडतुसांच्या टोपीत असे क्षार असायचे जे गोळी उडाल्यावर नळीत राहतात आणि हवेतलं पाणी ओढतात. म्हणूनच जुने शिकारी घरी आल्यावर नळीतून गरम पाणी ओतायचे. मला ते लहानपणी अंधश्रद्धा वाटायची. ते शुद्ध रसायनशास्त्र होतं.

गंज दिसला तर पॉलिश पेपर नको. तेल लावून ठेवायचं, मऊ कापडाने पुसायचं, पुन्हा तेल. हळूहळू. लाल गंज निघतो, जुना रंग राहतो.

लाकडाला व्हार्निश नको. व्हार्निशचा चकचकीत थर वरच बसतो आणि पुढे तडकतो. इंग्लंडचे चांगले कारागीर दस्त्याला जवसाचं तेल लावायचे, हाताने, थेंब थेंब. जवस! आमच्या बांध्यांमध्ये धान निघायच्या आधी ओलीवर लाखोळीसोबत फेकतात, तेच जवस. आबाजी गावातल्या घाण्याचं जवसाचं तेल चोळायचे तेव्हा त्यांना बर्मिंगहॅमची पद्धत माहीत नव्हती. तरी बरोबर तेच करत होते.

आणि गोळी उडवायचा विचार असेल तर आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासणी. इथे मी "ओरिजिनल"चा हट्ट सोडतो. सुरक्षेचा भाग झिजला असेल, सेफ्टी लागत नसेल, तर तो बदलायलाच हवा. जुना सुटा भाग पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून जपून ठेवा. आमच्या भाषेत सांगायचं तर चेंजलॉग लिहा.

मोठे बाबांची बाजू

आता मी जिंकलो असं वाटत असेल ना? थांबा. मोठे बाबांना दुर्बीण हौस म्हणून नको होती. त्यांना ती रानडुकरांसाठी हवी होती.

आमच्याकडे हे रोजचं दुखणं आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं, ज्या "जय" वाघाने अख्ख्या देशाला वेड लावलं होतं त्याचं घर. वाघाचा आम्हाला अभिमान आहे. पण रात्रीतून वीस डुकरं बांध्यात घुसली की सकाळी तिथे धान नसतो, चिखल असतो. सत्तरीतला माणूस मचाणावर रात्र काढतो आणि त्याला पुण्यातला पुतण्या फोनवर सांगतो की रायफलला छिद्र पाडू नका, इतिहास आहे. ऐकायला कसं वाटत असेल?

मी तेही शोधलं. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात आहे. पिकाचं नुकसान होतं म्हणून आपल्या मनाने गोळी घालता येत नाही. कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि तिच्या अटी पाळाव्या लागतात. शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांची वन विभागाकडे नोंदणी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर वन विभागाची संमती आधी लागते. म्हणजे दुर्बीण लावली तरी ती रात्री वापरायचा हक्क दुर्बिणीसोबत मिळत नाही. जी गोष्ट वापरता येणार नाही तिच्यासाठी पोलादाला कायमचं छिद्र.

हे मी मोठे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग धानाचं काय, ते सांग." योग्य प्रश्न. त्या हंगामात आम्ही दोन कामं केली. नुकसानीचा पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज लावला, आणि दुर्बीण-दस्त्यासाठी काढून ठेवलेले पैसे व माझे थोडे घालून बांध्याभोवती सौर कुंपण घेतलं. गावात त्याला झटका मशीन म्हणतात. डुकरं पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. मोठे बाबा आता मचाणावर रोज जात नाहीत, एवढं म्हणेन.

तुमचे दोन प्रश्न

या विषयावर बोलणार म्हटल्यावर ग्रुपवर व्हॉइस नोट आल्या. दोन घेतो.

"आमच्या घरी आजोबांची भरमार आहे, परवाना कुणाला सापडत नाही. काय करू?" गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, आमचा भंडारा, सगळीकडे हा प्रश्न आहे. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. ती चालत असेल तर ती शस्त्र आहे, संपलं. लपवू नका, विकू नका, नदीत टाकू नका. आधी वकिलाशी बोला आणि मग उशीर न करता पोलीस स्टेशनला जमा करायची प्रक्रिया करा. गडचिरोलीत लोकांनी अशा बंदुका स्वतःहून पोलिसांकडे दिल्यात. "तिला भोक पाडून शोपीस करतो" हे स्वतःच्या मनाने करायचं काम नाही.

"परवानाधारक वारले तर?" त्या दिवसापासून घरच्यांनी ती तशीच ठेवणं कायदेशीर राहत नाही. जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने अर्ज करायचा. खरं तर मरेपर्यंत थांबायचीही गरज नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आणि एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोन. पूर्वी तीन होत्या, २०१९ मध्ये दोन केल्या. वारशाची आहे म्हणून जास्त चालत नाही. कुणालाच नको असेल तर रीतसर जमा करा, किंवा संग्रहालयाला विचारा. नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचं दालन आहे, एकदा जाऊन बघाच.

शेवटचा मुद्दा, जो मी टाळत होतो

हे सगळं झाल्यावर मी खूश होतो. रायफल वाचवली, वगैरे. मग संक्रांतीला मोठे बाबांनी विचारलं, "मी आता सत्तरच्या वर गेलो. हे पुढं कोन ठेवन? तू घेशील का रे?"

मी गप्प.

कारण "ओरिजिनल ठेवा" म्हणणं फुकट असतं. ठेवणं फुकट नसतं. परवान्यासाठी अर्ज, पोलीस पडताळणी, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक आली की पोलीस सांगतील तेव्हा जमा करून यायची, संपली की परत आणायची. मी पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. घरमालकाला मांजर चालत नाही. आणि खरं सांगू? मला बंदूक आवडतही नाही. मला आबाजी आवडायचे.

दुर्बिणीला नाही म्हणायला मला दोन महिने लागले होते. या प्रश्नाला उत्तर द्यायला चार लागले. त्या चार महिन्यांत मला नागपूरच्या त्या बंदूकवाल्याची चिठ्ठीही वेगळी दिसायला लागली. मोठे बाबा रायफल नवी करत होते ते फक्त डुकरांसाठी नव्हतं. नवी, चकचकीत दिसली तर पोरांपैकी कुणाला तरी हवीशी वाटेल, असंही त्यांच्या मनात होतं. पट्टी लावलेली, फिकी पडलेली वस्तू पुढची पिढी घेणार नाही, हा त्यांचा अंदाज होता. आणि आमच्याकडे बघून तो चुकीचा होता असं मी म्हणू शकत नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी काही वस्तू असेल आणि तुम्ही मोठ्या आवाजात "हात लावू नका, तशीच ठेवा" म्हणणार असाल, तर आधी विचारा, ती सांभाळणार कोण? उत्तर "मी" असेल तरच आवाज चढवा.

मी मोठे बाबांना फोन केला आणि म्हटलं, मी घेतो. पुढच्या महिन्यात रजा टाकून भंडाऱ्याला जातोय, कागद सुरू करायला. परवाना होईपर्यंत रायफल त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच नावावर. पट्टी जागच्या जागी आहे. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "येतानी जवसाचं तेल नको आनू, इथं आहे."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरातल्या कुठल्या जुन्या वस्तूवर असं भांडण झालंय, व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, बंदुकीचे फोटो पाठवू नका. काळजी घ्या.